झायदची बाजू

पाट साफ करायच्या शेवटच्या दिवशी तुदाच्या तळहातावरचा फोड फुटला. तिनं ओढणीची कड फाडून हाताला गुंडाळली आणि फावडं पुन्हा गाळात घातलं. वरच्या बंधाऱ्यापासून गावापर्यंतचा पाट आम्ही दर वसंतात सगळे मिळून साफ करतो. घरटी एक माणूस, नऊ दिवस. त्या वर्षी डोंगरावर बर्फ नावालाच पडलं होतं. ओढ्याला पाणी इतकं कमी की बायका चपला न भिजवता दगडांवरून पलीकडे जात होत्या. गाळ काढताना एरवी गाणी चालतात, त्या वर्षी कोणी तोंड उघडत नव्हतं. जो तो दुसऱ्याच्या फावड्याकडे बघत होता.

दुपारी मुलूद आला. मुलूद म्हणजे आमचा अमगार. पाटाचा कारभार त्याच्याकडे. कोणाची पाण्याची पाळी कधी सुरू होणार आणि कधी संपणार ते तो सांगणार. हातात दोरी घेऊन तो काठाकाठानं येत होता आणि दर घरामागे दोरीला एक गाठ मारत होता.

"बस्सूचं घर," तो म्हणाला आणि त्यानं इकडेतिकडे बघितलं. तुदा त्याच्यापासून चार पावलांवर गुडघाभर गाळात उभी होती. "बस्सूच्या घराचं कोणी नाही."

"मी आहे की, मुलूदकाका."

"मी माणूस विचारतोय."

"मग मी कोण? गाढव?"

"गाढव असतीस तर पाठीवर माती तरी लादली असती," मागून कोणीतरी म्हणालं आणि काठावरचे पाचपन्नास जण हसले.

तुदाचं डोकं फिरलं. ती ओरडायला लागली. मुलूदला चोर म्हणाली, ट्रॅक्टरवाल्या झायदचा कुत्रा म्हणाली. बाप आजारी आहे हे सांगितलं, मध्येच गेल्या वर्षी कोणी त्यांची अक्रोडाची फांदी तोडली ते काढलं, मग हात दाखवायला लागली, गुंडाळलेली चिंधी सुटता सुटेना, आणि तिला रडू फुटलं. नाकातून पाणी, हाताला गाळ, पुसायची सोय नाही.

मुलूद तिचं होईपर्यंत थांबला. मग म्हणाला, "झायदनं चार पोरं पाठवली. त्याचं म्हणणं, ज्या घरातून फावडं आलं नाही त्या घराची पाळी मोकळी धरावी आणि ज्यानं जास्त फावडी दिली त्याला द्यावी. ह्या शुक्रवारी नाही, पुढच्या शुक्रवारी निवाड्याला गावाची जमात बसेल. बापाच्या वतीनं कोणाला बोलायला पाठवताय ते ठरवा."

दोरीला गाठ न मारता तो पुढे गेला.

गावात बोलावं तर बस्सूनं, असं एके काळी सगळे म्हणायचे. जमातीत तो उभा राहिला की चहाचे पेले खाली ठेवले जायचे. गेल्या अक्रोडाच्या सुगीत झाडाखालीच त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं आणि बोलणं गेलं. शब्द उरले ते मोजके. हो, नाही, पाणी, बायकोचं नाव, लेकीचं नाव. शिव्या मात्र साबूत राहिल्या होत्या; त्या अगदी स्वच्छ यायच्या.

तुदा एकोणीस वर्षांची. एकदा लग्न होऊन परत आलेली. तिच्या पाठीवर भाऊ नाही. चुलता लांब शहरात गवंडीकाम करायचा. तो फोनवर म्हणाला, मला सुट्टी नाही. शेजाऱ्यांना विचारावं तर गावातला एकुलता एक ट्रॅक्टर झायदचा. त्याच्या विरोधात बोलून नांगरट कोण अडकवून घेणार?

"जाऊ दे मग," तिची आई इत्तो म्हणाली. भाकरीचं पीठ मळता मळता ती हे चौथ्यांदा म्हणत होती. "त्याच्या पाया पडू. चतकोर पाळी तरी ठेव म्हणू."

बस्सूनं डाव्या हातानं जमिनीवर थाप मारली. "तुदा," तो म्हणाला.

"काय, बा?"

"तुदा."

इत्तोला आधी कळलं. तिचे हात पिठातच थांबले. "तिला? जमातीत? अहो, मुलूदसमोर दोन वाक्यं नीट बोलता आली नाहीत तिला. सगळ्या गावानं हसून घेतलं."

"तुदा," बस्सू पुन्हा म्हणाला, आणि वर एक शिवी दिली.

जमातीला बारा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी ती बाकल्याच्या शेंगांच्या वाफ्यात खुरपायला बसली. बस्सूला तिनं खेचरावरून आणून बांधावर पोत्यावर टेकवलं होतं. त्याच्या डाव्या हातात काठी होती आणि पुढ्यात चाऱ्याचा रिकामा पत्र्याचा डबा.

बस्सूनं तोंडाकडे बोट केलं. म्हणजे बोल.

"काय बोलू?"

पुन्हा बोट.

"मुलूदकाका आणि जमातीतले सगळे, ऐका. आमची पाळी काढायची म्हणजे शुद्ध दरोडा आहे आणि हा झायद—"

काठी डब्यावर आपटली. ठण्ण.

"काय झालं?"

बस्सू नुसता बघत राहिला. ती पुन्हा सुरू झाली, पुन्हा काठी आपटली. असं दुपारपर्यंत चाललं. कशानं काठी आपटते ते तिचं तिलाच शोधून काढावं लागत होतं. शिवी दिली की आपटायची, हे पहिल्या तासात कळलं. आवाज चढला की आपटायची, हे दुसऱ्या. एक मुद्दा पुरता व्हायच्या आत दुसऱ्यावर उडी मारली की आपटायची, हे कळायला मात्र दोन वाफे खुरपून झाले. 'मी बिचारी' असं काही आलं की तो काठी आपटायचा नाही, थुंकायचा.

तिसऱ्या दिवशी तिनं सलग दहा-बारा वाक्यं बोलून दाखवली. काठी हलली नाही. तिला वाटलं, जमलं. तिनं कंबर सरळ केली. तेवढ्यात बस्सूनं काठीचं टोक तिच्याकडे केलं आणि वाकड्या तोंडातून मोठ्या कष्टानं एक नाव काढलं.

"झा... यद."

"झायदचं काय?"

काठी तिच्याकडेच. "झायद."

"मी झायद होऊ? त्याच्या बाजूनं बोलू?"

"हो."

"त्याच्या बाजूनं काय बोलायचं? आपल्याविरुद्ध?"

"हो. हो."

तिला ते करताना आधी हसू आलं. झायदसारखं पोट पुढे काढून ती दोन वाक्यं बोलली. काठी आपटली. नक्कल नको होती त्याला. मग ती खाली बसली, खुरपं हातात घेतलं आणि झायदला काय हवं असेल याचा खरंच विचार करायला लागली.

चार पोरं आहेत माझी. नऊ दिवस चौघं गाळात होती. पाणी कमी आहे. पाळी ज्याची त्याची, पण पाट सगळ्यांचा. पूर येऊन बंधारा वाहून गेला तर वर जाऊन तीन तीन दिवस थंडीत कोण राहणार? पलीकडच्या गावानं पाणी अडवलं तर काठ्या घेऊन कोण जाणार? आजारी माणूस? की त्याची पोरगी?

बोलता बोलता तिचा हात थांबला. बोलणं चांगलं झालं होतं. डबा गप्प होता. पण आपणच बोललेल्याला काय उत्तर द्यायचं ते तिला सुचेना. आतापर्यंत झायद लबाड आहे एवढंच ती धरून बसली होती. लबाड माणसाची तिला भीती नव्हती. झायदचं थोडं बरोबर असेल, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

पाचव्या दिवशी झायद स्वतः वाटेत भेटला. ती पाठीवर गवताचा भारा घेऊन चढण चढत होती. तो ट्रॅक्टर थांबवून खाली उतरला. "सलाम, पोरी. बापाची तब्येत काय म्हणते?"

"बरी आहे."

"मी ऐकलं, तू बोलणार आहेस. चांगलं आहे. पण बाळ, जमात म्हणजे काही विहिरीवरचं भांडण नव्हे. तिथं बोललेलं लोक नातवंडांना सांगतात." त्यानं भाऱ्यातून एक काडी ओढून दातात धरली. "माझ्या बहिणीचा पोरगा आहे. बायको वारली त्याची. तुमच्या घरात माणूस आला की फावडं आलं, फावडं आलं की पाळी आली. कोणाला बोलायचीच गरज नाही. आईला सांग."

भाऱ्याच्या ओझ्यानं तिला मान वर करता येत नव्हती. तिला फक्त त्याचे बूट दिसत होते. "सांगते," एवढंच ती म्हणाली, आणि तो गेल्यावर स्वतःवर इतकी चिडली की घरापर्यंत एकदाही टेकली नाही.

पुढच्या दिवशी वाफ्यात ती झायदच्या बाजूनं आणखी जोर लावून बोलायला लागली. त्याच्या जागी मी असते तर अजून काय काढलं असतं, असं शोधत शोधत म्हणाली, "आणि हे काही नवीन नाही. याआधीही गावात अशी पाळी काढून घेतलेली आहे. तेव्हा जमातीला चाललं, मग आज का नाही?"

ते तिनं असंच, अंदाजानं म्हटलं होतं. काठीचा आवाज आला नाही म्हणून तिनं वर बघितलं. बस्सूच्या हातातून काठी सुटून खाली पडली होती आणि तो तिच्याकडे न बघता ओढ्याकडे बघत होता.

"बा? कोणाची काढली होती?"

त्यानं शिवीसुद्धा दिली नाही.

घरी तिनं आईला विचारलं. इत्तो म्हणाली, "कामाला लाग." तिनं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा इत्तोनं चुलीत इतक्या जोरानं काटकी घातली की राख उडाली. "तुझी तयारी कर. जुनं उकरून काय करायचंय?"

गावाच्या खालच्या टोकाला एकच शेत आहे, ज्याच्यात पाट जातो पण पाणी जात नाही. रकियाचं. तिथं एक अंजीर आणि बाकी फड्या निवडुंग. रकिया दुसऱ्यांची लोकर पिंजून द्यायची, लग्नाघरी भाकऱ्या भाजायची. तुदानं तिला लहानपणापासून बघितलं होतं, पण तिच्या शेताला पाणी का नाही असा प्रश्न कधी पडला नव्हता. काही शेतं कोरडी असतात, तसं ते कोरडं.

रकिया दारात लोकर पिंजत बसली होती. तुदानं विचारलं, तसे तिचे हात थांबले नाहीत.

"अकरा वर्षं झाली. माझ्या मोहमदचा बाप त्या हिवाळ्यात गेला. वसंतात पाट निघाला. मी गेले. नऊ दिवस गेले. पोर पाठीला बांधलेलं. तुझ्यासारखंच झालं गं, गाठ नाही मारली दोरीला. तेव्हा मुलूद नव्हता, त्याचा चुलता होता."

"मग?"

"मग जमात बसली. बायकांनी छपरावरनं ऐकायचं, तसं मी ऐकत होते. तुझा बाप उभा राहिला. काय बोलला! म्हणाला, फावडं बाईच्या हातात असलं तरी ते घराचं होत नाही, कारण घर उद्या कोणाच्या नावावर जाईल ते बाईच्या हातात नसतं. पाणी अशा हाती द्यावं ज्याला उद्या जाब विचारता येईल. मी रडत होते, आणि रडता रडता मलाही पटत होतं, बघ. इतकं छान बोलला."

"आणि पाळी?"

"अर्धी तुमच्याकडे गेली. अर्धी झायदकडे." तिनं पिंजलेली लोकर बाजूला ठेवली. "तुमची खालची लसूणघास ज्या पाण्यावर येते ते माझं आहे. गाईला सांग."

तुदाला तिथून उठवेना. ती लहानपणापासून त्या गाईचं दूध पीत होती.

घरी येऊन ती बस्सूच्या पुढ्यात बसली. इत्तो दारात उभी होती.

"रकियामावशीची पाळी तू काढलीस?"

"हो."

"तिनं नऊ दिवस गाळ काढला होता, हे ठाऊक होतं?"

"हो."

"मग का, बा?"

त्याचं तोंड हलायला लागलं. ओठाच्या कडेनं लाळ गळली. मानेच्या शिरा ताठल्या. शेवटी एक शब्द आला. "पाणी."

इत्तो घाईनं वाडग्यात पाणी घेऊन आली आणि त्याच्या तोंडाला लावायला गेली. त्यानं डाव्या हातानं वाडगं उडवलं. पाणी भिंतीवर गेलं.

"पाणी," तो पुन्हा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तो त्याबद्दल बोलत नव्हता.

इत्तोनं तुदाला बाहेर ओढत नेलं. "ऐक. झायद हे काढणार नाही. त्याच्याही ताटात तेच वाढलेलं आहे. मुलूदला त्यात पडायचं नाही. कोणी विचारणार नाही. तू आपल्यापुरतं बोल. बाईचं फावडं मोजा एवढंच म्हण आणि खाली बस. कळलं?"

"तेच म्हटलं तर रकियामावशीचंही फावडं मोजावं लागेल ना, आई."

"तिनं मागितलंय का? अकरा वर्षांत एकदा तरी आपल्या दारात येऊन मागितलंय का?" इत्तोचा आवाज चिरकला. "खालची घास गेली तर गाय जाईल. गाय गेली तर तुझा बाप काय खाईल? भाकरी चावता येत नाही त्याला. दुधावर आहे तो."

उरलेले दिवस वाफ्यात कोणी बोललं नाही. बस्सूनं काठी उचलली नाही. तुदा खुरपत राहिली आणि मनातल्या मनात तिन्ही बाजूंनी बोलत राहिली. आपली, झायदची, रकियाची. हरत होती ती फक्त आपल्या बाजूनं बोलताना.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर जमात बसली. मशिदीशेजारच्या खळ्यावर माणसं गोल करून बसली, बायका छपरांवर. बस्सूला खेचरावरून आणून भिंतीला टेकवलं. तुदा त्याच्याजवळ उभी राहिली. तिनं पाठ भिंतीला लावली.

"बापाच्या वतीनं पोरगी बोलणार," मुलूद म्हणाला. "कोणाची हरकत?"

कोणीतरी पुटपुटलं. झायद हसून म्हणाला, "बोलू द्या की. आपण काय वाघ आहोत का?"

आधी तोच बोलला. शांतपणे, एकेक बोट मोडत. बस्सू त्याला भावासारखा आहे. रोगाला कोणाचा इलाज नाही. दरवर्षी एक पोतं सातू तो बस्सूच्या घरी पोचता करेल, हे सगळ्यांसमोर सांगतो. पण पाणी कमी आहे आणि पाटाला हात लागतात. जो हात देईल त्यानं पाणी घ्यावं. नऊ दिवस गाळ काढून भागत नाही. पूर आला, बंधारा गेला, तर कोण येणार? एवढं बोलून तो बसला. माना हलल्या. तुदानं मोजल्या नाहीत, पण बऱ्याच हलल्या.

मुलूदनं तिच्याकडे बघितलं.

पहिल्यांदा आवाजच आला नाही. नुसती हवा आली. छपरावर कोणीतरी हसलं. तिनं बापाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"झायदकाका," ती म्हणाली, आणि आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला, "तुझं एक सांगायचं राहिलं."

झायदनं भुवया उंचावल्या.

"पलीकडच्या गावानं पाणी अडवलं की आपली माणसं काठ्या घेऊन जातात. तीन वर्षांपूर्वी तुझ्या थोरल्याचं डोकं फुटलं त्यात. बाई तिथं जाऊ शकत नाही. हे तू म्हणाला नाहीस, पण ते तुझ्या बाजूचं आहे. खरं आहे."

आता कोणी हसत नव्हतं. झायदच्या चेहऱ्यावर, खिसा चाचपून बघावा तसं काहीतरी आलं.

"बाकीचंही बरंच खरं आहे. आता मला एवढंच विचारायचंय. काळ्या खडकापासून अक्रोडापर्यंतचा पाट ह्या वर्षी मी उपसला. माझ्या शेजारी तुझा धाकटा होता, तो सांगेल. तिथून वाहून आलेलं पाणी तू परवा शेतात घेतलंस, की बाईनं काढलेल्या पाटातलं म्हणून सोडून दिलंस?"

दोन-तीन जण खुदकन हसले. झायद म्हणाला, "घेतलं."

"घेतलंस. म्हणजे काम झालं. काम झालं, तर करणारं कोणीतरी होतं." आवाज चढायला लागला होता, तो तिनं खाली आणला. "पूर आला तर मी बंधाऱ्यावर येईन. आले नाही तर पाळी काढून घ्या, मी बोलायला येणार नाही. पण न आलेल्या पुराची शिक्षा आज देऊ नका."

ती थांबली. एका म्हाताऱ्यानं दाढी कुरवाळत "हं" म्हटलं. माना पुन्हा हलत होत्या, ह्या वेळी तिच्या बाजूनं. तिला ते अंगाला ऊन लागावं तसं कळलं. छपरावर इत्तो तोंडावर ओढणी धरून उभी होती.

"झालं?" मुलूदनं विचारलं.

हो म्हटलं असतं तर झालं असतं. पुढे कित्येक वर्षं ती सांगायची की त्या क्षणी वाटली तेवढी भीती तिला आधी कधी वाटली नव्हती. आधीची भीती हरायची होती. ही जिंकलेलं सोडायची होती. छपराच्या कोपऱ्यात रकिया बसली होती, खाली न बघता हातातली लोकर सोडवत.

"नाही," तुदा म्हणाली. "माझं फावडं मोजायचं असेल तर अकरा वर्षांपूर्वीचंही मोजावं लागेल. रकियामावशीनं नऊ दिवस गाळ काढला होता, पाठीवर पोर घेऊन. तिची पाळी ह्याच जमातीनं काढली. अर्धी आमच्याकडे आहे, अर्धी झायदकाकाकडे. ते चुकलं होतं. चुकलं नसेल, तर आज आमचीही काढा."

मग जो गलका झाला तो आवरायला मुलूदला काठी आपटावी लागली. झायद उभा राहिला होता. "मेलेलं उकरतेय ही! त्या दिवशी कोण बोललं होतं? हिचाच बाप! आज बापाला खोटा पाडतेय!"

"बस्सू," मुलूदनं विचारलं, "पोरगी म्हणते ते खरं? बाईनं काम केलं होतं?"

सगळं खळं बस्सूकडे बघायला लागलं. त्याला हे असं बघणं सवयीचं होतं, पण बोलता येत असतानाचं. तुदाला वाटलं, तो नाही म्हणेल. नाही हा शब्दही त्याच्याकडे होता.

"हो," बस्सू म्हणाला.

मुलूद थांबला, जणू अजून काही येईल. बस्सूनं श्वास घेतला. जोर लावून, तोंड वाकडं करून, सगळ्यांसमोर लाळ गाळत, तो पुन्हा म्हणाला, "हो."

चार म्हातारे बाजूला जाऊन बसले. तिसऱ्या प्रहरच्या नमाजापर्यंत त्यांचं चाललं. मग मुलूदनं निकाल सांगितला. ज्या घरातून फावडं आलं त्या घराची गाठ बांधायची, फावडं कोणाच्या हातात होतं ते विचारायचं नाही. बस्सूची मूळ पाळी बस्सूकडे. रकियाची पाळी दोन्ही घरांनी परत करायची. पूर आला की तुदानं बंधाऱ्यावर यायचं.

झायद त्यांच्याकडे न बघता निघून गेला. त्या वर्षी त्याचा ट्रॅक्टर बस्सूच्या शेतात आला नाही.

घरी इत्तो तीन दिवस लेकीशी एक शब्द बोलली नाही. भाकरी पुढे टाकायची आणि पाठ फिरवायची. गाय बाजारात गेली तेव्हा दोर सोडून द्यायलाही तिनं तुदाला हात लावू दिला नाही. बस्सूच्या दुधासाठी त्या पैशातून एक शेळी आली. शेळीचं दूध त्याला आवडायचं नाही. तो प्यायचा. जमातीबद्दल त्यानं बरं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. तुदा रोज त्याचं तोंड पुसायची आणि विचारायला घाबरायची.

पाळीच्या दिवशी सकाळी तुदानं आपल्या वाफ्यांची मातीची दारं मोडून पाणी आत घेतलं. पाळीची वेळ सावलीवर मोजतात; सावली पूर्वी जिथवर जायची तिथवर आता थांबायचं नव्हतं. ठरलेल्या दगडाला सावली लागली तशी तिनं फावड्यानं चिखल ओढून दार बंद केलं. खालची घास कोरडीच राहिली. पाणी पुढे, खालच्या टोकाकडे निघालं, आणि तीही त्याच्याबरोबर काठानं चालत गेली.

रकिया फावडं घेऊन उभी होती. निवडुंग तोडून तिनं दोन वाफे केले होते, वेडेवाकडे. पाणी आत आलं. अकरा वर्षांची तहानलेली माती. पाणी चार हात जायचं आणि जिरायचं. दोघी बघत राहिल्या. रकियानं आभार मानले नाहीत. तुदानं तशी अपेक्षाही केली नव्हती.

"एक सांगू?" रकिया म्हणाली. "अकरा वर्षं मी मनात तुझ्या बापाशी भांडतेय. लोकर पिंजताना, भाकरी भाजताना. त्या दिवशी मी खाली असते तर काय बोलले असते, ते रोज बोलतेय. सगळं पाठ आहे. आणि तू येऊन निकाल लावलास. आता त्या बोलण्याचं मी काय करू?"

बापाला पुन्हा झटका आला तर, असं तुदाच्या मनात आलं. तरी ती म्हणाली, "तो घरीच असतो, मावशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी रकिया आली. इत्तो तिला बघून आत निघून गेली. मग परत आली, चहाची किटली आणि दोन पेले खाली ठेवले आणि पुन्हा आत गेली. बस्सू दारात उन्हाला बसला होता. रकिया त्याच्यासमोर बसली, ओढणी सारखी केली, हात मांडीवर ठेवले. तुदा भिंतीशी उभी राहिली.

"ऐक, बस्सू," रकिया म्हणाली. "तू म्हणाला होतास, बाईच्या हातातलं फावडं घराचं होत नाही. तिथून सुरू करते."

बस्सूला उत्तर देता येत नव्हतं आणि उठून जाताही येत नव्हतं. त्यानं मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. ती बोलायला लागली, आवाज न चढवता, एक मुद्दा पुरता करून मग दुसरा. चहा निवला. ऊन उंबऱ्यावरून आत सरकलं. तरी ती बोलतच होती, आणि तो ऐकत होता.